खडीने पुढची काच टवकली? ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणं महागात पडतंय

सोलापूर : दिवाळी झाली की जिल्ह्यातले रस्ते बदलतात. उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, पावसामुळे थांबलेली रस्त्यांची कामं पुन्हा हातात घेतली जातात आणि खडी, मुरूम, वाळू वाहणारे टिपर दिवसरात्र पळू लागतात. याच काळात पिकअप, जीप, कार आणि छोट्या टेम्पोंच्या पुढच्या काचेला खडा लागण्याचे प्रकार वाढतात. ‘टक्’ असा आवाज येतो, काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका दिसतो, चालक हात फिरवून बघतो आणि गाडी पुढे काढतो. काच फुटलेली नसते, वारा आत येत नसतो, गाडी चालतही असते. त्यामुळे गॅरेजची वाट कोणी धरत नाही.

पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने एखाद्या सकाळी त्याच टवक्यापासून हातभर रेघ गेलेली असते. काचवाला मग एकच वाक्य ऐकवतो, “दादा, आता भरून भागणार नाही, काच बदलायलाच लागतीय.”

काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंतच्या दुरुस्तीचं काम इथे काही हजारांच्या बदलीवर गेलेलं असतं. साध्या छोट्या गाडीची काच मजुरीसह पाच ते दहा हजारांच्या घरात जाते आणि मोठ्या, नव्या गाड्यांची त्याच्या कितीतरी पट. हा फरक पडतो तो मधल्या दिवसांमुळे. टवका पडल्यानंतरचे पहिले काही दिवसच स्वस्त असतात, आणि ग्रामीण तालुक्यांत नेमके तेच दिवस वाया जातात. त्याला चालकाचा आळस हे एकच कारण नाही. दुरुस्तीची सोय लांब आहे, विम्याबद्दल गैरसमज आहेत आणि उघड्या टिपरवर कारवाईचा धाक कमी आहे.

खडा येतो कुठून?

जिल्ह्यातून पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ जातो. विजयपूर आणि धाराशिवकडे जाणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग आहे. श्री संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गांची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली आणि त्यानंतर माळशिरस, पंढरपूर भागात मोठी कामं झाली. मोठा रस्ता झाला की त्याला जोडणारे छोटे रस्ते, पूल, साइडपट्ट्या अशी कामंही निघतात. हे सगळं गरजेचंच आहे. पण कामासाठी लागणारी खडी क्रशरपासून साइटपर्यंत रस्त्यानेच जाते आणि वाटेत थोडी थोडी सांडत जाते.

खडा काचेवर येण्याचे प्रकार साधारण चार. टिपरच्या हौद्यातून, फाळक्याच्या फटीतून थेट पडणारा खडा हा पहिला. दुसरा प्रकार जास्त घडतो. रस्त्यावर आधीच सांडलेली खडी पुढच्या गाडीच्या टायरखाली येते आणि मागे भिरकावली जाते. जड वाहनांच्या मागच्या जोडचाकांत दगड अडकतो आणि वेग वाढला की सुटतो, हा तिसरा. चौथा प्रकार खास आपल्याकडचा. शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर टायरला चिकटलेली ढेकळं आणि त्यातले दगड डांबरावर आणून सोडतात. ढेकूळ वाळून फुटतं, दगड रस्त्यावर राहतो.

याशिवाय खड्डे मुरूम-खडीने बुजवले की आठ दिवसांत ती खडी रस्त्यावर पसरते. नव्याने बारीक खडीचा थर दिलेल्या रस्त्यावरही सुरुवातीचे दिवस मोकळी खडी उडत असते.

यात वेगाचं गणित महत्त्वाचं आहे. समोरून येणाऱ्या गाडीच्या टायरने उडवलेला दगड काचेवर आदळतो तेव्हा दगडाचा वेग आणि आपल्या गाडीचा वेग यांची बेरीज होते. आणि वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ४० किलोमीटरला जो खडा नुसता आपटून खाली पडला असता, तोच ८० ला काचेचा टवका काढतो. म्हणून मोकळी खडी दिसली की वेग कमी करणं आणि टिपरच्या मागे चिकटून न जाणं या दोन सवयी कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतात. टिपर ओव्हरटेक करण्याच्या घाईत लोक त्याच्या मागच्या चाकांना अगदी लागून गाडी नेतात, आणि खडा तिथेच खातात.

ही काच साधी नसते

गाडीच्या बाजूच्या काचा आणि पुढची काच यांत मोठा फरक आहे. बाजूची काच फुटली की तिचे बारीक दाणे होऊन खाली सांडतात. पुढची काच तशी सांडत नाही, ती तडकते पण जागेवर धरून राहते. कारण ती दोन काचांची बनलेली असते. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्या मध्ये एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असा पारदर्शक प्लॅस्टिकचा थर. या प्रकाराला लॅमिनेटेड काच म्हणतात. फ्रान्समधले रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कल्पना पुढे आणली आणि १९०९ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

खडा लागतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरची काचच टवकते. मधला थर आणि आतली काच शाबूत असते. म्हणूनच दुरुस्ती शक्य होते. आतल्या बाजूने बोट किंवा नख फिरवून बघितलं आणि काच गुळगुळीत लागली तर नुकसान बाहेरच्या थरापुरतं आहे असं समजायला हरकत नाही. आतूनही खरखर लागली तर मात्र भरून घेण्याचा विचार सोडून द्यावा.

या काचेची कामंही वारा अडवण्यापुरती नाहीत. आजच्या गाड्यांत पुढची काच मजबूत गोंदाने सांगाड्याला चिकटवलेली असते, त्यामुळे ती सांगाड्याचाच भाग बनते. गाडी पलटी झाली तर छत दबू नये यासाठी तिचा आधार होतो. धडक बसली तर आतला माणूस बाहेर फेकला जाऊ नये, हेही तीच पाहते. बऱ्याच गाड्यांत चालकाशेजारची एअरबॅग उघडताना काचेवर आपटते आणि मग प्रवाशाकडे वळते. काच कमकुवत असेल किंवा नीट चिकटवलेली नसेल तर एअरबॅग तिला बाहेर ढकलू शकते. मग एअरबॅग असूनही ती माणसाला नीट झेलत नाही. नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आता सक्तीच्या आहेत. म्हणजे गावाकडे येणारी प्रत्येक नवी कार या काचेच्या भरवशावर आहे.

टवक्याची रेघ कशी होते?

काच तडकायला पुन्हा दगडच लागतो असं नाही. टवका हा काचेतला कच्चा दुवा असतो. गाडी स्पीडब्रेकरवर आदळली, एक चाक खड्ड्यात गेलं, ओव्हरलोड माल भरला, की सांगाडा थोडा पिळतो आणि तो पीळ काचेवर येतो. टवक्याच्या टोकाशी ताण साठतो आणि रेघ पुढे सरकते. तालुक्यातल्या रस्त्यांवर हे दिवसातून शंभर वेळा होतं.

दुसरं कारण उन्हाचं. सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो हे वेगळं सांगायला नको, पारा चाळीशीच्या पुढे असतो. बाजारात किंवा कचेरीपुढे दोन तास उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. चालक आत बसतो, एसी फुल करतो आणि थंड हवेचा झोत काचेवर सोडतो. काच बाहेरून तापलेली, आतून एकदम गार. गरम भाग पसरू पाहतो, गार भाग आक्रसतो. चांगली काच हे सहन करते, टवकलेली काच ‘टर्’ करून फाटते. तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतली तरी हेच होतं. धुलाईच्या दुकानात गाडी दिली आणि काच तडकून परत आली, असे वाद होतात त्यामागे बऱ्याचदा आधीचा दुर्लक्षित टवका असतो.

तिसरं कारण धूळ आणि पाणी. टवक्याच्या बारीक फटीत धूळ, पाणी, साबण, वायपरचा काळा मळ जातो. तो एकदा आत बसला की दुरुस्तीचं द्रव्य काचेला नीट धरत नाही. नंतर भरून घेतलं तरी डाग राहतो आणि पकडही कच्ची राहते. म्हणून टवका पडल्या पडल्या त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. तो भाग कोरडा ठेवून लवकरात लवकर काचवाल्याकडे जावं.

गावाकडचा ठरलेला जुगाड म्हणजे झटपट चिकटणारा गोंद किंवा नेलपॉलिश. याने रेघ थांबते असा समज आहे. प्रत्यक्षात हा गोंद वरच्या वर सुकतो, आतली पोकळी भरत नाही आणि खरं द्रव्य आत जायची वाट बंद करतो. पाच रुपयांचा जुगाड केला की हजाराची दुरुस्तीही हातातून जाते.

रात्री समोरून लाइट आला की

पैशांचा हिशेब बाजूला ठेवला तरी तडकलेल्या काचेचा खरा धोका अंधारात कळतो. दिवसा चालकाला त्या रेघेची सवय होते, ती दिसेनाशी होते. रात्री समोरून एलईडी दिव्यांची गाडी अप्पर लाइट ठेवून आली की तोच तडा चमकतो. प्रकाश रेघेवर फुटून काचभर पसरतो आणि काही क्षण पुढचं काहीच दिसत नाही.

आता याला गळीत हंगाम जोडून बघा. जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी आहे आणि ऊस रात्रीही वाहिला जातो. मागे लाल दिवा नसलेली, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेली, कधी दोन-दोन जोडलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. समोरच्या दिव्याने दोन सेकंद डोळे दिपले तर गाडी ३० मीटरहून अधिक अंतर आंधळेपणाने कापते. ट्रॉली त्या अंतरात असेल तर ब्रेकला वेळच उरत नाही. अपघाताच्या पंचनाम्यात मग ट्रॉलीला दिवा नव्हता हे येतं, वेग जास्त होता हे येतं. काचेच्या रेघेकडे कोणाचं लक्ष जात नाही.

शाळेची मुलं नेणाऱ्या व्हॅन, वडाप करणाऱ्या जीप, दुधाचे टेम्पो, पहाटे मार्केट यार्डाला भाजी नेणारे पिकअप या सगळ्या गाड्या कमी उजेडात पळतात. गाडी मालकाची असते, चालक पगारी असतो. काच बदलायची तर पैसे मालकाने द्यायचे, आणि न बदलल्याचा धोका चालकाने आणि मागे बसलेल्यांनी घ्यायचा. ‘मालक, काच गेलीय’ असं चालक दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा सांगत नाही.

भरून घ्यायची की बदलायची?

दुरुस्तीची पद्धत अवघड नाही. टवक्यातली हवा आणि ओल ओढून काढली जाते, तिथे पातळ राळेसारखं पारदर्शक द्रव्य दाबाने भरलं जातं आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट केलं जातं. वर घासून सपाट केलं की काम झालं. अर्धा-पाऊण तास पुरतो. डाग पूर्ण जात नाही, निरखून पाहिलं तर खूण दिसते. पण रेघ पुढे जायची थांबते आणि काचेला ताकद परत येते. पैसे देतो ते या थांबण्याचे.

मात्र प्रत्येक टवका भरता येत नाही. साधारण नाण्याएवढा किंवा त्याहून लहान टवका, कडेपासून लांब, चालकाच्या थेट नजरेसमोर नसलेला आणि फक्त बाहेरच्या थरातला असेल तर तो भरून घेणं योग्य. रेघ काचेच्या कडेपर्यंत गेली असेल तर बदलणं बरं, कारण कडेला ताण सर्वांत जास्त असतो. चालकाच्या डोळ्यांसमोर टवका असेल तर भरल्यानंतर राहणारी खूणही त्रास देते, तिथेही नवी काच घेतलेली चांगली. दोन-तीन ठिकाणी टवके असतील, आतली काच गेली असेल तर चर्चाच नको.

नवी काच घेताना कोपऱ्यात छापलेला मजकूर वाचावा. काच लॅमिनेटेड आहे का, आयएसआयचं चिन्ह आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक आहे का, हे पाहावं. जुन्या जीपला आणि टेम्पोला सपाट साधी काच कापून बसवण्याचे प्रकार होतात. अशी काच अपघातात सुऱ्यांसारखी फुटते. हजार रुपये वाचवण्याच्या नादात चेहऱ्यासमोर हत्यार बसवण्यासारखं ते आहे.

बसवणारा कोण, हेही तितकंच महत्त्वाचं. जुन्या गाड्यांत काच रबराच्या पट्टीत बसते, नव्यांत गोंदाने चिकटते. गोंद सुकायला वेळ लागतो. कोणता गोंद वापरला आणि हवा कशी आहे त्यावर तो तासाभरापासून बऱ्याच तासांपर्यंत असू शकतो. ‘लगेच न्या, काही होत नाही’ असं सांगणाऱ्याकडून गाडी घेऊन थेट खड्ड्यांच्या रस्त्याला लागणं धोक्याचं. काही नव्या महाग गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर ब्रेकचा आणि लेनचा इशारा चुकू शकतो.

काच बदलताना आणखी दोन गोष्टी विसरल्या जातात. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना निकामी होतो, नवा टॅग घ्यावा लागतो. चालू टॅग नसेल तर टोलनाक्यावर रोखीने दुप्पट पैसे जातात. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास ते सव्वापट झाले आहेत, तरी भुर्दंड आहेच. दुसरं म्हणजे एचएसआरपी नंबरप्लेटसोबत काचेवर लागणारं तिसरं स्टिकर. काचेबरोबर तेही जातं आणि पुन्हा घ्यावं लागतं.

विम्याचं गणित: दावा कधी, खिशातून कधी?

गावाकडच्या अनेक गाड्यांना फक्त थर्ड पार्टी विमा असतो. कायद्याने तेवढा सक्तीचा आहे, आणि पोलिसांनी अडवलं तर कागद दाखवायला तो पुरतो. पण या विम्यातून स्वतःच्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही. खडा उडवणारा टिपर पुढे निघून गेलेला असतो, त्याचा नंबर कोणी घेतलेला नसतो, त्यामुळे त्याच्या विम्याकडे जाण्याचा मार्गही कागदावरच राहतो.

पूर्ण विमा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा असेल तर काच त्यात येते. इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘झिरो डेप घेतलं नाही, मग काचेचे पैसे कापणार’ असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात साध्या पूर्ण विम्यातही काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. रबर, प्लॅस्टिक भागांवर मात्र ५० टक्के कापतात, म्हणून काचेभोवतीच्या पट्टीचे काही पैसे जातात. त्याशिवाय ठरलेली सक्तीची वजावट असते, खासगी कारला १५०० सीसीपर्यंत १ हजार आणि त्यापुढे २ हजार रुपये. व्यावसायिक वाहनांचे नियम वेगळे आहेत, ते पॉलिसीत पाहावेत.

खरी मेख ‘नो क्लेम बोनस’मध्ये आहे. सलग वर्षं दावा केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळत जाते. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते आणि शिडी पुन्हा खालून चढावी लागते.

उदाहरणच घ्यायचं तर, एखाद्याचा हा हप्ता वर्षाला १० हजार आहे आणि तो ५० टक्क्यांच्या सुटीवर पोहोचला आहे असं धरू. दावा केल्यावर पहिल्या वर्षी ५ हजार, दुसऱ्या वर्षी ३ हजार, तिसऱ्या वर्षी अडीच हजार, चौथ्या वर्षी दीड हजार आणि पाचव्या वर्षी ५०० अशी मिळून साडेबारा हजारांची सूट जाते. गाडी जुनी होईल तसा हप्ता कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा खाली येईल. तरीही ७ हजारांच्या काचेसाठी दावा करणं अशा माणसाला तोट्याचं आहे. उलट गाडी नवी आहे, सूट अजून शून्य किंवा २० टक्के आहे, काच २५ हजारांची आहे, तर दावा करण्यातच शहाणपण आहे. बोनस राखणारं जादा कवच घेतलं असेल तर गणित आणखी बदलतं. काही कंपन्या टवका भरून घेण्याचा छोटा खर्च वेगळ्या नियमाने देतात. एजंटला हे दोन प्रश्न विचारूनच निर्णय घ्यावा.

आणि दावा करायचाच असेल तर काच आधी बदलून नंतर बिल नेऊ नये. टवक्याचे फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावं, त्यांचा सर्व्हेअर किंवा फोटोवरची पाहणी झाल्यावरच काम करून घ्यावं.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०० वा नियम काचेबद्दल आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे आणि काच त्या स्थितीत राखली पाहिजे असं तो सांगतो. याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी आणली. लोकांना काळी फिल्म आठवते. काच ‘राखली’ पाहिजे हा भाग मागे पडला.

मालवाहू आणि प्रवासी वाहनांना फिटनेस लागतो. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तपासणीत काच आणि वायपर पाहिले जातात. सोलापूर आणि अकलूज अशी दोन परिवहन कार्यालयं जिल्ह्यात आहेत. पण फिटनेस हा ठरल्या दिवसाचा मामला असतो. त्या दिवसापुरती गाडी चकचकीत करून नेली जाते. मधल्या काळात तडकलेल्या काचेकडे पाहायला कोणी नसतं, आणि खासगी कारला तर पंधरा वर्षांपर्यंत अशी तपासणीच नाही.

खडी-वाळू ताडपत्रीने झाकून न्यायची, क्षमतेपेक्षा जास्त भरायची नाही, हे नियम आहेतच. ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. तरी ताडपत्री गुंडाळून केबिनवर ठेवलेले टिपर रोज दिसतात. ताडपत्री बांधायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं खेपेच्या हिशेबात बसत नाहीत. त्या दहा मिनिटांचा खर्च मग मागून येणारा पिकअपवाला भरतो.

तालुक्यात सोय हवी

टवका भरणारे दुकान सोलापुरात, पुण्यात सापडतं. अकलूज किंवा करमाळ्याच्या माणसाला सोलापूरला जाऊन यायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो. डिझेल, टोल आणि बुडालेली एक दिवसाची खेप धरली तर हजाराची दुरुस्ती तीन-चार हजारांना पडते. म्हणून तो थांबतो. ‘सोलापूरला काही काम निघालं की बघू’ हे त्याच्या दृष्टीने बरोबरच असतं. काच मात्र तोपर्यंत थांबत नाही.

हे काम करायला मोठं शोरूम लागत नाही. लागणारं साहित्य एका छोट्या पेटीत मावतं. पंक्चर, बॅटरी, सीटकव्हर अशी कामं करणारा तालुक्यातला कोणीही पोरगा ते शिकू शकतो. तालुक्यांच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिक्षण मिळतं, तिथे काचेच्या दुरुस्तीचे काही तास घालता येतील. हंगामात एका मोठ्या बाजारगावात रोज दोन-चार गाड्या आल्या तरी एका माणसाचा धंदा चालेल.

कारखान्यांनाही यात वाटा उचलता येईल. गळीत हंगामाच्या आधी ऊस वाहतुकीच्या गाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात. त्याच दिवशी ट्रकच्या पुढच्या काचा आणि वायपर बघून घेतले तर वेगळा खर्च येत नाही. शाळांनी व्हॅनचं कंत्राट देताना काचेची अट घालावी, पालकांनीही सकाळी पोराला गाडीत बसवताना एकदा समोर नजर टाकावी.

रस्त्यावर सांडलेली खडी झाडून घेण्याची जबाबदारी काम करणाऱ्या ठेकेदाराची आहे आणि त्याच्याकडून ते करून घेण्याची बांधकाम खात्याची. ग्रामपंचायतीने फोटोसह लेखी तक्रार दिली तर ती फाइलमध्ये राहते, तोंडी सांगितलेलं राहत नाही. राष्ट्रीय महामार्गावर खडी सांडलेली असेल तर १०३३ या क्रमांकावर कळवता येतं. उघड्या टिपरचा नंबर दिसेल असा फोटो परिवहन कार्यालयाला पाठवता येतो. मात्र तो गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने काढावा.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत गाडीवाल्याच्या हातात आहे ते एवढंच: खडा लागला त्याच दिवशी गाडी सावलीत लावणे, टवका कोरडा करून वर चिकटपट्टी मारणे, एसीचा झोत काचेवरून वळवणे, विम्याचा कागद काढून सूट किती आहे ते बघणे आणि चार-आठ दिवसांत काचवाला गाठणे. सोलापूरची चक्कर महाग वाटत असेल तर गावातल्या दोन-तीन गाडीवाल्यांनी मिळून काचवाल्यालाच फोन करून तालुक्याला बोलवावं. पेटी घेऊन तो येऊ शकतो.